ज्याची त्याची पुडी

अळंबी हा शब्द उच्चारला की मराठी घरात दोन तट पडतात. एका तटाच्या मते ती हॉटेलातल्या रश्शात पोहणारी, पाहुण्यांपुढे मिरवण्याची वस्तू आहे. दुसऱ्या तटाच्या मते ती कुत्र्याची छत्री आहे, आणि छत्री ही काही खाण्याची वस्तू नव्हे! या दोन्ही तटांना एका पंगतीला बसविणारी एक युक्ती मला सापडली आहे, ती या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवते. ही युक्ती जपानी आहे. पण ती मला कळली, पटली आणि उपयोगी पडली ती परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावी, माझ्या माहेरच्या चुलीपाशी.

प्रथमच सांगून टाकते की, मी पाकशास्त्रातील अधिकारी स्त्री नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय. परंतु एखाद्या शब्दाच्या मागे लागले की त्याच्या घरापर्यंत जायचे, ही माझी जुनी खोड आहे. या वेळी शब्दाचे घर स्वयंपाकघरात निघाले, एवढेच.

जुना कैदी

अळंबीवरचा आपला राग आजचा नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची जी यादी आहे, तिच्यात लसूण आणि कांदा यांच्या मांडीला मांडी लावून 'कवक' बसले आहे. कवक म्हणजेच आपली अळंबी. पुढे कांदा-लसणाची शिक्षा आपण केव्हाच माफ करून टाकली. आज चातुर्मासाचे चार महिने सोडले तर त्यांच्यावाचून आपल्या आमटीचे पान हलत नाही. अळंबी मात्र पुष्कळ घरांतून अजून कैदेतच आहे.

याला कारणही तसेच आहे. रानात उगवणाऱ्या छत्र्यांपैकी काही इतक्या विषारी असतात की एखादीच पुरेशी होते. त्यातही दगाबाजी अशी की, काही जातींचे विष खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तासांनी आपला प्रताप दाखवू लागते; तोवर माणूस 'मस्त झाली होती भाजी' म्हणत झोपूनही उठलेला असतो. शिजवताना चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, जनावराने तोंड लावले असेल तर निर्धोक, अशा ज्या परीक्षा सांगितल्या जातात, त्यांतील एकही खरी नाही. उकळून हे विष जातही नाही. म्हणून पावसाळ्यात बांधावर दिसलेली छत्री, ती कितीही देखणी असो, अजाण माणसाने घरी आणू नये. या बाबतीत आपल्या आज्यांची भीती सोळा आणे बरोबर होती.

पण जेथे ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तेथे हीच अळंबी डोक्यावर घेतली जाते. गोव्यात तिला 'अळमी' म्हणतात. ऐन पावसाळ्यात वाळवीच्या वारुळांवर उगवणारी ही अळमी पानात बांधून रस्त्याकडेला विकावयास येते आणि लोक मागेल तो भाव देऊन ती घेतात. तिची मौज अशी की वारुळातली वाळवी ही बुरशी शेतकऱ्यासारखी जोपासते. पाला-लाकूड आणून तिला खाऊ घालते आणि मग तिच्यावर आपण जगते. माणसाने अळंबीची शेती सुरू करण्याच्या लक्षावधी वर्षे आधीपासून ही कास्तकारी चालू आहे.

बारा पिशव्या

माणसांच्या त्याच कास्तकारीमुळे आमच्या घरात गेल्या वर्षी एक पेच उभा राहिला.

ताडकळस हे पूर्णा तालुक्यातले गाव. काळी जमीन, सोयाबीन, कापूस, ज्वारी, हळद ही पिके. सोयाबीनची मळणी झाली की भुसकटाचा ढीग उरतो. त्यातले काही जनावरांपुढे पडते, काही वाऱ्यावर जाते, काहीला लोक काडी लावतात. माझ्या धाकट्या भावजयीने एका वर्गात धिंगरी अळंबीचे शिक्षण घेतले आणि गेल्या दिवाळीनंतर घरामागच्या कोठीत बारा पिशव्या टांगल्या.

धिंगरी म्हणजे शिंपल्याच्या आकाराची, करड्या-पांढऱ्या रंगाची अळंबी. तिची रीत साधी आहे. भुसकट रात्रभर भिजवायचे, ऐंशी अंश सेल्सियसच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे म्हणजे त्यातल्या नको त्या बुरश्या मरतात. निथळून गार करायचे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत थरावर थर देत मध्ये अळंबीचे बी पेरायचे. या बियाला बाजारात 'स्पॉन' म्हणतात. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढविलेले ते बुरशीचे पांढरे धागेच असतात. पिशवीला भोके पाडून ती अंधाऱ्या खोलीत पंधरा-वीस दिवस ठेवली की आतले भुसकट कापसासारखे पांढरे होते. मग पिशवी फाडायची, गोणपाट ओले ठेवून खोलीत दमटपणा राखायचा आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारायचा. आठवडा-दहा दिवसांत पहिला तोडा येतो. पाठोपाठ आणखी दोन येतात. किलोभर कोरड्या भुसकटावर अर्धा ते एक किलो ताजी अळंबी मिळते. वीस ते तीस अंश उष्णता तिला मानवते, म्हणून मराठवाड्यात यंत्रावाचून ती घ्यायची तर हिवाळ्याचे दिवस बरे.

मार्गशीर्ष लागला आणि बाराही पिशव्या फुलून आल्या. आनंदाचीच गोष्ट, पण ज्याने बी दिले त्या व्यापाऱ्याने माल परत घेण्याचा जो तोंडी शब्द दिला होता, तो शब्द काही फुलला नाही. त्याचा फोन लागेना. धिंगरी ही काही तुरीची डाळ नव्हे, की डब्यात भरली आणि भाव येईतो वाट पाहिली. ती बाहेर दोन दिवस टिकली तरी नशीब. गावात घेणार कोण? "ते कुत्र्याच्या छत्रीवानी दिसतंय" म्हणून बायका हात लावीनात. मग निदान घरात तरी खपावी. तर तेथे माझी आई उभी.

आई माळकरी. आषाढी-कार्तिकीची वारी तिने वर्षानुवर्षे केली आहे. तिचे म्हणणे तिने एका वाक्यात सांगितले, "तुम्ही काय खायचं ते खा बाई, पण माझ्या भांड्यात ते शिजायचं नाही. त्यातनं मार्गशीर्षाचा महिना."

भावजय काही बोलली नाही. परसात तीन दगड मांडून, फुटक्या कानाच्या पातेल्यात तिने आपल्यापुरती भाजी शिजविली आणि मुलांना तेथेच वाढली. मी त्या शनिवारी परभणीहून गेले तेव्हा ते पातेले परसातच पालथे पडलेले होते. स्वतःच्या हाताने पिकविलेले अन्न स्वतःच्या घराबाहेर बसून खायचे, याचे दुःख काय असते ते तिच्या तोंडावर दिसत होते. "अक्का, पुढच्या खेपेला पिशव्या भरायच्या का नाही, तेच कळंना," ती म्हणाली. प्रश्न भाजीचा राहिला नव्हता.

आईची बाजूही मला परकी नव्हती. जन्मभर जे भांडे तिने एका निष्ठेने सांभाळले, त्यात एका दिवसात दुसऱ्याची रुची शिरावी, हे तिने का मानावे? शिवाय तिचा एक आक्षेप मला विज्ञानाच्या दृष्टीनेही टाकाऊ वाटत नाही. "याला मटणाचा वास येतो," असे ती म्हणते. अळंबी ही वनस्पती नव्हेच. बुरशीचा वंश वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळचा आहे असे आज शास्त्रज्ञ मानतात. आणि तिच्या पेशींच्या भिंतीत जे द्रव्य असते, तेच किड्यांच्या आणि खेकड्यांच्या कवचात असते. अर्थात म्हणून ती सामिष ठरत नाही. पण आईचे नाक चुकले नव्हते.

होइरु-याकी

या पेचात मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आठवण झाली. ती पतीसह तोकियोत एदोगावा भागात राहते. त्या भागातल्या निशि-कसाईच्या परिसरात आता आपल्या लोकांची इतकी वस्ती आहे की, २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडूनही आले. या विद्यार्थिनीने हिवाळ्यातल्या आपल्या आवडत्या पदार्थाचे नाव मला एकदा लिहून कळविले होते: 'किनोको नो होइरु-याकी'.

शब्दाच्या मागे लागावे ते असे. 'किनोको' म्हणजे अळंबी. शब्दशः पाहिले तर 'झाडाचे लेकरू'! 'याकी' म्हणजे भाजलेले. आणि 'होइरु'? ते दुसरे तिसरे काही नसून आपले 'फॉइल' आहे. इंग्रजी शब्द जपानी जिभेवर गेला की असा वेष पालटून येतो. आपण नाही का 'बॉटल'ची बाटली केली! तेव्हा अर्थ झाला, फॉइलच्या पुडीत भाजलेली अळंबी.

जपानी माणसाचे अळंबीवरचे प्रेम जुने आहे. तेथे शिइ नावाच्या वृक्षाच्या लाकडावर येते ती 'शिइताके', आणि 'मात्सु' म्हणजे पाइनच्या मुळाशी उगवते ती 'मात्सुताके'. या दुसरीचा शरद ऋतूतला भाव ऐकला तर आपल्याकडचा सराफ उठून उभा राहील. आणि आपली धिंगरी? तिचे नाव 'हिराताके', म्हणजे चपटी अळंबी. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झालेल्या 'कोंजाकु मोनोगातारिशू' या जपानी कथासंग्रहात तिची एक बहारीची गोष्ट आहे. शिनानो प्रांताचा सुभेदार कारकीर्द संपवून राजधानीकडे परतत असता डोंगरातल्या वाटेवरून घोड्यासकट खोल दरीत कोसळला. गेला, असे समजून मंडळी हळहळत आहेत तोच खालून हाक आली, "टोपली सोडा!" टोपली वर ओढली तर हलकी. आत सुभेदार नाही, नुसती हिराताके भरलेली! दुसऱ्या खेपेस स्वतः सुभेदार वर आला, तो एका हाताने दोर धरून आणि दुसऱ्या हातात अळंबीचा झुबका घेऊन. झाडाच्या फांदीवर अडकलो, तेथेच ही उगवलेली. टाकून कसा येऊ, आणखी पुष्कळ खालीच राहिली, अशी त्याची हळहळ! कथाकाराने त्याच्या लोभावर बोट ठेवले आहे. पण जिच्यासाठी मरणाच्या दाढेतूनही माणूस रिकाम्या हाताने येत नाही, तीच वस्तू आमच्या परसात फुटक्या पातेल्यात शिजत होती.

एकदाच वापरायचे भांडे

मला त्या पुडीतले मर्म लक्षात आले ते चवीचे नव्हे, तर भांड्याचे. फॉइलची पुडी हे एक भांडेच आहे. पण ते एकदाच वापरायचे आणि ज्याचे त्याचे असते. त्यात जे शिजते ते बाहेर सांडत नाही, घरातल्या तव्या-पातेल्याला लागत नाही. मग आईच्या भांड्यांचा प्रश्नच कोठे उरला? मी आईला तेवढेच विचारले, "चूल तर सगळ्यांचीच आहे ना?" ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "चुलीला काय, ती सगळंच जाळते."

त्या रात्री भाकरी झाल्यावर चुलीत निखारे उरले होते. आम्ही सहा पुड्या बांधल्या. त्यांची कृती येथे देते.

एका माणसाच्या पुडीस धिंगरी १०० ग्रॅम घ्यावी. ती पाण्यात बुडवून ठेवू नये. स्पंजासारखी पाणी पिते. ओल्या फडक्याने पुसावी, देठाचा कडक भाग कापावा आणि हातानेच उभी फाडावी. फॉइलचा साधारण एक फूट लांब-रुंद तुकडा घ्यावा. निखाऱ्यावर भाजायची तर दुहेरी घ्यावा. मध्ये कांद्याच्या दोन-चार चकत्या पसराव्या, म्हणजे खालून जळत नाही. त्यांवर अळंबी, तिच्यावर चमचाभर लोणी, चमचाभर सोया सॉस आणि थोडी मिरपूड. मीठ घालू नये. सॉसमध्ये पुरेसे असते. कागदाच्या दोन कडा वर आणून एकत्र दोनदा दुमडाव्या, मग दोन्ही बाजू दुमडाव्या. पुडी घट्ट आवळू नये. आत वाफेला जागा हवी. निखाऱ्यावर सातआठ मिनिटे, किंवा मंद आचेवर झाकण घातलेल्या तव्यावर दहाबारा मिनिटे, किंवा ओव्हनमध्ये २०० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे ठेवावी. पुडी फुगली की झाले. उलथू नये. उतरवून दोन मिनिटांनी, तोंड दूर ठेवून उघडावी. आतली वाफ हात भाजते. लिंबू पिळायचे ते उघडल्यावर. मायक्रोवेव्हच्या भट्टीत मात्र फॉइल मुळीच घालू नये.

जपानात यात थोडी साके नावाची तांदळाची दारू घालतात. आम्ही तिच्याऐवजी चमचाभर पाणी आणि चिमूटभर साखर घातली. काही बिघडले नाही.

सहा पुड्या एकसारख्या नव्हत्या, हे विशेष. माझी आणि भावजयीची जपानी तऱ्हेची. भावाची लसूण, हिरवी मिरची आणि कारळाच्या चटणीची. दोघा मुलांची नुसत्या लोण्याची. सहावी आईची, तिच्यात अळंबी नाही, रताळ्याच्या चकत्या, तिळाचे कूट आणि लोणी. कोणती कोणाची ते कळावे म्हणून मुलांनी काडीने फॉइलवर नावे कोरली. पुड्या उघडल्या तेव्हा प्रत्येकीच्या तळाशी दोन-तीन चमचे तपकिरी रस जमला होता. त्यात भाकरी बुडवून खाताना भाऊ, जो आजवर तटस्थ होता, एवढेच म्हणाला, "उद्या किती निघेल?"

आईने आपली पुडी खाल्ली. आमच्या पुड्यांकडे तिने पाहिले, नाक थोडे वळविले आणि म्हणाली, "वास तसाच आहे." पण ती आमच्यात बसली होती, आणि भावजय घरात बसली होती.

चव कोठून आली?

ताज्या अळंबीत शेकडा नव्वदच्या आसपास पाणीच असते. उघड्या कढईत ते पाणी सुटते, आटते, आणि वासही त्याबरोबर छपराला लागतो. मागे उरते ती चिवट चिंधी. पुडीत पाणी सुटते, पण जात नाही. त्याचीच वाफ होऊन अळंबी स्वतःच्या रसात शिजते.

आणि तो 'मटणाचा वास'? त्याचा छडा जपानी रसायनशास्त्रज्ञांनीच लावला आहे. १९०८ साली तोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबु नावाच्या समुद्रशैवालाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडच्या या चवीस 'उमामी' असे नाव दिले. १९५७ साली अकिरा कुनिनाका यांना शिइताके अळंबीतल्या ग्वानिलेट या द्रव्यात तीच चव सापडली. या दोन द्रव्यांची गाठ पडली की चव बेरजेने वाढत नाही, कित्येक पट होते. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट भरपूर असते. तेव्हा तो आणि अळंबी एका पुडीत घालण्यात जपानी गृहिणीचा अनुभव शास्त्राच्या पुष्कळ पुढे होता, असेच म्हणावयास हवे.

मला याहून मौजेची वाटली ती दुसरीच गोष्ट. सोया सॉस होतो सोयाबीन आणि गहू यांच्यापासून, आणि तो मुरवते तीही एक बुरशीच. आमची धिंगरी उगवली सोयाबीनच्या भुसकटावर. म्हणजे एकाच झाडाचा दाणा एका वाटेने आणि काड दुसऱ्या वाटेने, दोघेही बुरशीच्या हातून जाऊन, त्या पुडीत पुन्हा भेटले! ताडकळसच्या शेतकऱ्याला यात परके असे काय आहे?

पोषणाबद्दल मात्र जाहिरातींवर विसंबू नये. 'मटणाइतकी प्रथिने' हा दावा वाळलेल्या अळंबीच्या आकड्यांवर केलेला असतो. ताज्या धिंगरीच्या शंभर ग्रॅममध्ये प्रथिने दोन-तीन ग्रॅमच असतात. डाळ-भाकरीची जागा ती घेणार नाही. तिचा एक गुण मात्र खरोखरीचा आहे: तोडलेली अळंबी काही वेळ दुपारच्या उन्हात ठेवली की तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते. शाकाहारी घरांना ही गोष्ट ठाऊक असावी.

धातू की पान?

गृहिणी मला हमखास विचारतात, फॉइलची चकचकीत बाजू आत ठेवावी की बाहेर? कशीही ठेवा. कारखान्यात शेवटच्या लाटणीला दोन पत्रे एकावर एक ठेवून लाटतात. रुळाला लागलेली बाजू चकाकते, एकमेकींना लागलेली मंद राहते. याहून तिच्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न अधिक योग्य आहे: ॲल्युमिनियम पोटात जाते काय? थोडे जाते. आंबट आणि खारट पदार्थांत ते अधिक उतरते. म्हणूनच लिंबू, चिंच, टोमॅटो पुडीत शिजवू नये आणि उरलेले अन्न फॉइलमध्ये रात्रभर ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली सर्व मार्गांनी मिळून आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा घालून दिली आहे. अधूनमधून केलेल्या पुडीने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण रोजचा परिपाठही नको.

यावर आमच्या घरात जो तोडगा निघाला, तो आईने काढला. दुसऱ्या दिवशी तिने हळदीच्या वाफ्यातली चार हिरवी पाने तोडून आणली आणि म्हणाली, "पत्र्यात कशाला शिजवता? आत हे लावा." आमच्या भागात हळद मुबलक, डिसेंबरात पाने अजून हिरवी असतात. पान धुऊन, शिर चेचून फॉइलच्या आत अंथरले की रस धातूला फारसा लागत नाही आणि वास असा येतो की सोया सॉसची आठवणही राहू नये.

मग ध्यानात आले की यात नवे ते फॉइलच आहे, पुडी नव्हे. फॉइल प्रथम तयार झाले ते स्वित्झर्लंडमध्ये १९१० साली. अमेरिकेतल्या घरोघरी ते विकले जाऊ लागले १९४७ साली. त्याआधी जपानी लोक काय करीत होते? मात्सुए शहरात मासा जाड कागदात गुंडाळून भाजण्याची चाल आहे. हिदा-ताकायामाच्या डोंगराळ भागात मॅग्नोलियाच्या वाळल्या पानावर मिसो आणि अळंबी ठेवून ते पानच निखाऱ्यावर ठेवतात. आणि आपण? कोकणातली केळीच्या पानातली पानगी, हळदीच्या पानातले पातोळे, मुंबईच्या पारशी मंडळींची पानातली मच्छी, रायगडकडची भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी! पान आणि वाफ यांची सोयरीक आपल्याकडे काही आजची नाही.

बाजाराची बाजू

कोणी हा लेख वाचून पिशव्या टांगावयास निघाले, तर त्यांच्यासाठी चार शब्द. 'माल आम्हीच परत घेऊ' या तोंडी शब्दावर बी घेऊ नये. लेखी घ्यावे, आणि तरीही आपले गिऱ्हाईक आपणच शोधावे. पिशव्या सर्व एका दिवशी भरू नयेत. आठवड्याच्या अंतराने भराव्या, म्हणजे माल एकदम येत नाही. टोप्यांच्या कडा उलटू लागण्याच्या आत तोडणी करावी. उशीर झाला तर बीजाणूंची धूळ सुटते आणि खोलीत काम करणाऱ्याला खोकला जडतो. तोंडाला फडके बांधावे. विकली गेली नाही तर उन्हात वाळवावी. दहा किलोची एक किलोच्या आसपास होते, पण महिनोन्‌महिने टिकते.

भावजयीने हे सारे आता केले आहे. तिने वाळविलेली धिंगरी मी परभणीस माझ्या सहकारी भगिनींना नेऊन देते. ताजी असेल तेव्हा हळदीचे एक पान आणि कृतीची एक चिठ्ठी सोबत असते. श्रीमंत ती झालेली नाही. पण पुढच्या खेपेला पिशव्या भरायच्या की नाही, हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. या वर्षी वीस टांगायच्या आहेत.

आई अजूनही अळंबी खात नाही. खाणारही नाही, आणि तिने खावी असा आग्रह घरात कोणी धरीत नाही. मात्र भावजय शेतात गेली असेल तेव्हा कोठीतल्या पिशव्यांवर पाण्याचा फवारा आईच मारते. हे मला शेजारणीने सांगितले. आईने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

दिवाळीत घरे भरतात. एकाला कांदा चालत नाही, दुसऱ्याला तिखट सोसत नाही, तिसरा परदेशातून नव्या आवडी घेऊन आलेला असतो, आणि चौथीने जन्मभराचा नेम धरलेला असतो. अशा वेळी सर्वांना एका पातेल्यात कोंबण्याचा अट्टहास घरोघर चालतो, आणि मग कोणी तरी फुटके पातेले घेऊन परसात जाऊन बसते. त्यापेक्षा एक दिवस निखारे करा, पाने धुऊन ठेवा, आणि मुलांच्या हाती एक काडी द्या. नावे तीच कोरतील. पंगत एकच असावी. पुडी ज्याची त्याची असली म्हणून काय बिघडले?